गळका नळ आणि भिंतीतले आटे

जुन्या घरातला नळ गळायला लागला की डोक्यात पहिला विचार येतो तो नवा नळ आणायचा. नव्या इमारतीत, प्लॅस्टिकच्या पाइपवर बसवलेला नळ खरंच थोड्या वेळात बदलून होतो. पण गिरगाव-दादरच्या जुन्या इमारती, पुण्यातल्या पेठा, ठाण्याचा नौपाडा, नाहीतर १९६०-७०च्या दशकांत उभ्या राहिलेल्या सोसायट्या इथलं काम निराळं आहे. इथे भिंतीत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आहेत आणि नळाचं पितळ त्या लोखंडात चाळीस-पन्नास वर्षं रुतून बसलंय. नळ डोळ्यांना दिसतो म्हणून सगळं लक्ष त्याच्याकडे जातं. जपायचे असतात ते भिंतीच्या आतले आटे. ते गेले की एवढ्याशा कामासाठी लाद्या फोडाव्या लागतात आणि त्या जुन्या नक्षीची लादी पुन्हा बाजारात मिळत नाही. म्हणून जुन्या घरात नळ बदलणं हा शेवटचा उपाय धरावा आणि करायचाच झाला तर सवड काढून करावा.

आधी गळतंय कुठून ते बघायचं. नळ बंद केल्यावरही तोटीतून थेंब पडत असेल तर आतला वायसर गेलाय, किंवा वायसर ज्याच्यावर बसतो ती बैठक खराब झालीय. नळ चालू असताना मुठीखालून पाणी झिरपत असेल तर दांड्याभोवतीची ग्लँडची भर सैल झालीय. वरचं ग्लँड नट पाव फेरा आवळलं की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नळ भिंतीला मिळतो तिथून ओल येत असेल तर मात्र प्रश्न आट्यांचा आहे. पहिल्या दोन दुखण्यांत नळ भिंतीतून बाहेर काढायची मुळीच गरज नसते, आणि घरोघरी आढळतं ते बहुतेक पहिलंच दुखणं.

या दुखण्याकडे काणाडोळा करू नये. सेकंदाला एक थेंब म्हटलं तर दिवसाचे ८६,४०० थेंब झाले. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला साडेएकवीस लिटर पाणी. शहरातली पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर हा आकडा आपल्याकडे सर्रास धरतात. म्हणजे असा एक नळ आठवडा पुरा व्हायच्या आत एका माणसाचं पूर्ण दिवसाचं पाणी मोरीत सोडून देतो. २०१६ साली ज्या राज्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तिथे हा हिशेब प्रत्येक घराने करायला हवा. करणं सोपं आहे: नळाखाली तासभर भांडं ठेवा, जमलेलं पाणी मापा आणि चोवीसने गुणा.

जुन्या पितळी नळाची रचना फार हुशारीची आहे. मूठ फिरवली की दांडा आट्यांवरून खाली उतरतो. त्याच्या टोकाशी एक छोटी पितळी दांडी असते, तिला जंपर म्हणतात, आणि जंपरच्या तळाला रबरी वायसर. नळाच्या पोटात आडवा पितळी पडदा, त्याला मधोमध गोल भोक. भोकाची थोडी उंचावलेली कड म्हणजे बैठक. वायसर त्या कडेवर दाबला गेला की पाणी थांबतं. या जातीचा नळ १८४५च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉदरहॅम इथल्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्यातून पुढे आला. त्याआधीच्या नळांत आरपार भोक पाडलेला पितळी शंकू फिरवून पाणी अडवत. पाइपमध्ये चोवीस तास दाब राहू लागला तसे ते शंकू झिजून गळू लागले. शिवाय ते झटक्यात बंद होत, त्यामुळे पाइपांना हादरे बसत. सावकाश मिटणारा नळ आल्याने दोन्ही अडचणी कमी झाल्या. मुंबईत विहार तलावाचं पाणी १८६०मध्ये आलं, तुळशीचं १८७९मध्ये, तानसाचं १८९२मध्ये. आपल्या मोरीतला पिळून बंद करायचा नळ त्याच काळातल्या कल्पनेचा वारसदार आहे आणि त्याचा प्रत्येक भाग आजही सुटा करून दुरुस्त करता येतो. याचं मला फार मोल वाटतं.

वायसर बदलताना लाइनचं पाणी बंद करायचं, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्यायचं आणि मुठीखालचं मोठं षट्कोनी नट पान्याने सोडवायचं. इथे एक पथ्य आहे. एक पाना नटावर असताना दुसऱ्या पान्याने नळाचं धड धरून ठेवायचं, मध्ये फडक्याची घडी घालून. धड मोकळं सोडलं तर नट सुटायच्या ऐवजी सगळा नळ फिरतो आणि त्याचा पीळ भिंतीत उतरतो. डोकं निघालं की जंपर हातात येतो. जुना वायसर बघितला की दुखणं कळतं: त्याच्या तोंडावर बैठकीच्या कडेने गोल चर पडलेला असतो. नळ गळतोय म्हणून घरातला प्रत्येक जण तो आणखी आवळतो आणि तो चर आणखी खोल जातो. जुना वायसर खिशात घालून दुकानात न्यावा आणि त्याच मापाचा आणावा. दोन-तीन जास्तीचे आणून ठेवले तर उत्तम.

नवा वायसर बसवण्याआधी नळाच्या पोटात करंगळी घालून बैठकीची कड सगळीकडून चाचपून बघा. ती गुळगुळीत लागली तर छान. एखाद्या जागी खाच लागली, तर त्या फटीतून दाबाखालचं पाणी सतत निसटून पितळ खात आलंय असं समजायचं. नवा वायसर त्या खाचेवर काही दिवसच टिकतो. बैठक घासून सपाट करायचं हातानं फिरवायचं हत्यार मिळतं. चांगल्या प्लंबरकडे ते असतं आणि जाड बैठकीचा जुना भरीव नळ असेल तर ते वापरणं नव्या नळापेक्षा कितीतरी शहाणपणाचं आहे.

नळ खरोखर बदलावा लागतो तो बैठक घासण्यापलीकडे गेली, दांड्याचे आटे झिजून मूठ नुसती फिरू लागली, किंवा पितळच मेलं तर. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काही पाण्यांत वर्षानुवर्षं जस्त हळूहळू विरघळून जातं आणि मागे तांबूस, सच्छिद्र, ठिसूळ धातू उरतो. नळाच्या मानेवर तांबडे डाग आणि पांढरी भुकटी दिसली तर तो नळ फार दिवसांचा सोबती नाही, आणि तो काढताना मानेतून तुटू शकतो हे आधीच मनाशी धरून चालावं.

काम काढायचं तर हार्डवेअरचं दुकान उघडं असेल अशा वेळी, सकाळी, आणि घरात दोन बादल्या पाणी भरून. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनवर बहुधा गेट व्हॉल्व्ह असतो. तो वर्षानुवर्षं फिरलेला नसतो. त्याच्या तळाशी गाळ बसलेला असतो, त्यामुळे पूर्ण बंद केला तरी धार चालूच राहते, आणि जोर केला तर आतला दांडा तुटतो. म्हणून नळाला हात लावायच्या आदल्या दिवशी तो व्हॉल्व्ह थोडा बंद, थोडा उघडा असं करत सोडवून बघावा, आणि पाणी पुरतं थांबतंय याची खात्री करावी. थांबत नसेल तर आधी व्हॉल्व्हचं काम. त्या लाइनवर शेजारचं घर असेल तर त्यांनाही सांगून ठेवायचं. आणि अर्ध्या इंचाचा एक प्लग घरात आणून ठेवायचा. नळ निघाला आणि नवा बसेना, तर भोकात प्लग आवळून निदान बाकीच्या घराचं पाणी चालू करता येतं.

आणखी एक गोष्ट जुन्या घरांपुरतीच आहे, आणि ती जिवाशी संबंधित आहे. पूर्वी विजेची अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला गुंडाळून देण्याची पद्धत सर्रास होती. गिझर किंवा धुण्याच्या मशीनमध्ये बिघाड असेल तर तो विद्युतप्रवाह पाइपमधून वाहतो. नळाला हात लावल्यावर कधी झिणझिण्या आल्या असतील, तर पाना बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. याचीच दुसरी बाजू अशी की लोखंडी लाइनचा तुकडा कापून मध्ये प्लॅस्टिकचा पाइप घातला की त्या घराचं अर्थिंग तुटतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता भिंत. लादीमागे अर्धा इंची पाइप येतो, त्याच्या टोकाला एल्बो असतो. एल्बोच्या एका तोंडात पाइपचे आटे, दुसऱ्या तोंडात नळाचे. आयएस १२३९ या मानकातल्या मध्यम प्रतीच्या अर्धा इंची पाइपची जाडी २.६ मिलिमीटर असते. आटे पाडताना डाय त्यातला सव्वा मिलिमीटरच्या आसपास धातू खरवडून काढते. म्हणजे आट्यांच्या तळाशी उरतं जेमतेम सव्वा मिलिमीटर लोखंड. त्या खरवडण्यात जस्ताचा मुलामाही निघून जातो. लोखंडाऐवजी स्वतः झिजून पाइपला वाचवणारं जस्त, नेमकं जिथे पाइप सर्वांत पातळ आहे तिथेच नसतं. तिथे बाहेरून सिमेंटची ओल, आतून पाणी, आणि पन्नास वर्षं. नळ सुटत नसताना लांब दांड्याचा पाना लावून जोर केला, की तो जोर नळातून एल्बोवर आणि एल्बोवरून या सव्वा मिलिमीटरवर जातो. कधी तिथे पाइप सरळ मोडतो. त्याहून वाईट म्हणजे कधी नुसती भेग जाते. नवा नळ मस्त बसतो, काम झालं असं वाटतं आणि पंधरा-वीस दिवसांनी खालच्या घराच्या छताला ओल दिसते.

आमच्या इमारतीत येणारे प्लंबर, सगळे त्यांना चाचा म्हणतात, नळ सोडवताना डावा तळवा लादीवर सपाट ठेवतात. उजव्या हाताने पाना हळूच दाबतात आणि डाव्या हाताला भिंत काय सांगते ते बघतात. लादीत थरथर जाणवली की पाना थांबतो. बघणाऱ्याला ही सवय वाटते, पण जोर कुठे चाललाय हे त्या तळव्याला कळत असतं.

आपण करताना हाच हेतू दुसऱ्या रीतीने साधता येतो. नळाच्या मानेभोवतीचं सिमेंट, रंग, क्षारांचे थर जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडून एल्बोची कड दिसेल एवढी जागा मोकळी करायची. क्षार चिवट असतील, आणि बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर ते असतातच, तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवायचं. मग गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मानेशी सोडायचं. सकाळी एल्बोची कड आणि लादी यांवरून सलग एक रेघ मारायची. पाना लावल्यावर पहिला दाब आवळायच्या दिशेने, अगदी थोडा, गंजाची पकड मोडण्यापुरता. मग सोडवायच्या दिशेने. नळ फिरला आणि एल्बोवरची रेघ जागची हलली नाही, तर मनासारखं होतंय. रेघ सरकली तर तिथेच थांबा. एल्बो पान्याने धरता येईल एवढा उघडा करून, दुसऱ्या पान्याने तो घट्ट धरूनच पुढे जायचं. त्यासाठी एखादी लादी काढावी लागली तरी काढावी.

तरीही हलत नसेल तर उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं चिमट्याने उचलून मानेवर काही मिनिटं धरायचं आणि मग गार पाणी ओतायचं. पितळ लोखंडापेक्षा दीडपट फुगतं आणि तेवढंच आकसतं. गरम असताना ते एल्बोत उलट जास्त घट्ट होतं, म्हणून नळ गरम असताना पिळायचा नाही. गार होताना ते आकसतं आणि मधल्या गंजाला तडे जातात. फिरवायची वेळ ती. हे दोन-तीनदा करावं लागतं.

मानेतून नळ तुटला, तर एल्बोत पितळेची आटेवाली वळी अडकून राहते, बांगडीसारखी. घाबरायचं कारण नाही. हॅक्सॉचं नुसतं पातं हातात धरून वळीला आतल्या बाजूने, पाइपच्या दिशेने लांबट चीर पाडायची. पडणारा कीस बघत राहायचा. पिवळा आहे तोवर पितळ कापलं जातंय. काळपट कीस दिसू लागला की पातं लोखंडापर्यंत पोचलं, तिथे थांबायचं. एक चीर, तिच्या शेजारी दुसरी, मग मधला तुकडा बारीक छिन्नीने आत ढकलला की वळी सैल होऊन पक्कडीत येते. एल्बोचे आटे शाबूत राहतात. हे काम मी कुणी घाईने करताना पाहिलं तर मला राहवत नाही, कारण चार-दोन आटे इथेच कापले जातात.

नवा नळ आणताना माप काढायला गेलात तर गोंधळ होईल. अर्धा इंची नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो, म्हणजे पाऊण इंचाहून जास्त. ‘अर्धा इंच’ हे पाइपच्या आतल्या भोकाचं जुनं माप आहे, दुकानात त्याच नावाने मागायचं. या आट्यांचा ५५ अंशांचा कोन जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१मध्ये सुचवलेल्या पद्धतीतला आहे, आणि अर्ध्या इंची मापाला इंचात चौदा आटे बसतात. ब्रिटिश पद्धतीचे हे आटे आपल्याकडे आजही चालू आहेत, म्हणून ८०-९० वर्षांच्या वाड्यातल्या एल्बोत आज घेतलेला नळ बसतो. अमेरिकेतून कुणी हौसेने आणलेला नळ मात्र लावू नका. तिकडच्या अर्ध्या इंचातही आटे चौदाच, पण कोन ६० अंशांचा. तो दोन-तीन फेरे छान जातो, मग अडतो आणि गळतो.

अर्ध्या फेऱ्याहून कमी वळणात बंद होणारे, सिरॅमिक चकत्यांचे नळ आता सगळीकडे दिसतात. चकत्या टणक असतात आणि स्वच्छ पाण्यात वर्षानुवर्षं चालतात. जुन्या जीआय लाइनमध्ये मात्र गंजाचे कण आणि वाळू येत राहते; कण चकत्यांमध्ये अडकतो, खालचं रबर कापलं जातं, आणि मग पूर्ण कार्ट्रिज बदलावं लागतं, तेही त्याच कंपनीचं मिळालं तर. शिवाय टाकी एकच मजला वर असेल तर नळापाशी दाब असतो तीन मीटर पाण्याचा. महागडे मिक्सर आणि जाळीची तोंडं असलेले नळ याहून कितीतरी जास्त दाब धरून बनवलेले असतात, आणि मग धार करंगळीएवढी येते. जीआयच्या घरासाठी माझी पसंती आयएसआय शिक्क्याच्या, वायसरच्या भरीव पितळी नळाला आहे. आयएस ७८१ हे त्याचं मानक. दोन नळ दोन हातांत धरून बघा. पितळी वजनाने कळतो.

बसवण्याआधी एल्बोच्या तोंडाला बादली धरून व्हॉल्व्ह क्षणभर उघडायचा. सगळ्या हालचालीने सुटलेला गंज तांबड्या पाण्यातून बाहेर पडतो. तो नव्या नळात जायला नको. मग आटे ब्रशने साफ करून टेप. टेफ्लॉन १९३८मध्ये रॉय प्लंकेट यांना प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे सापडलं, आणि पांढऱ्या टेपच्या रूपाने ते आता प्रत्येक प्लंबरच्या खिशात असतं. टोकाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने, ताणून गुंडाळायचं, म्हणजे नळ आवळताना टेप उलगडत नाही. एल्बोचे आटे गंजाने खडबडीत झाले असतील तर मला तागाचे पदर अधिक भरवशाचे वाटतात: नळाच्या आट्यांवर पात्याने ओरखडे काढायचे, म्हणजे धागा घसरत नाही, आणि वरून सांध्याला लावायची पेस्ट. जुना सफेदा शिशाचा असायचा, पिण्याच्या पाण्याला तो नको.

एक बारकावा इथेच महत्त्वाचा ठरतो. नळ घट्ट व्हायच्या वेळीच त्याची तोटी बरोबर खाली यायला हवी. टेपवर बसवलेला नळ पुढे गेला म्हणून मागे फिरवला की सांधा गळतो. पूर्ण काढून नवी टेप लावावी लागते. तागाचा सांधा थोडा मागे आला तरी सहसा धरतो. म्हणून आधी टेपशिवाय नळ हाताने फिरवून बघायचा, तो कुठे अडतो ते लक्षात ठेवायचं आणि त्यावरून टेपचे वेढे ठरवायचे. शेवटचा अर्धा फेरा पान्याने, फडकं मध्ये घालून, आणि रेघेकडे बघत. लादीवर लादी बसवलेल्या घरात एल्बो खूप आत गेलेला असतो. तिथे योग्य लांबीचं पितळी एक्स्टेन्शन घालावं, नळाची मान ताणून दोन-तीन आट्यांवर टांगू नये.

व्हॉल्व्ह सावकाश उघडा, नळ पाचेक मिनिटं वाहू द्या, ते पाणी झाडांना घाला. मग मानेभोवतीची जागा कोरडी पुसून तिथे वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून ठेवा. ओलाव्याचा ठिपका त्यावर लगेच उमटतो. रात्रभर कागद कोरडा राहिला तर बाहेरचा सांधा धरला. आतल्या पाइपची खात्री व्हायला महिनाभर लागतो: लादीचे सांधे काळे पडतात का, भिंतीच्या दुसऱ्या बाजूचा रंग फुगतो का, आणि मुख्य म्हणजे खालच्या घरी जाऊन छत बघून यायचं. तिथे ओल दिसली, किंवा काढलेल्या एल्बोत पाइपच्या आट्यांचा नुसता गंजाचा चुरा मिळाला, तर त्या लाइनचं आयुष्य संपलंय. मग तिथे आणखी एक नळ बसवू नका. भिंतीबाहेरून नवी लाइन टाकून घ्या, आणि त्याच दिवशी अर्थिंगही तपासून घ्या.